भूलतज्ज्ञांना आधी काय सांगावे? आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेविषयी प्रश्न

मलप्रभाकाठ

माझ्या आईच्या (वय ६८) उजव्या गुडघ्याच्या सांधेरोपणाची शस्त्रक्रिया बेळगावातील एका रुग्णालयात अठरा दिवसांनी ठरली आहे. आई खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला राहते. अस्थिरोग शल्यचिकित्सकांनी सगळे नीट समजावून सांगितले असून त्यांच्याविषयी आमची काहीही तक्रार नाही. माझी चिंता भुलेविषयी आहे.

मागच्या आठवड्यात भूल विभागातील एका तरुण डॉक्टरांनी आईला तपासले. त्यांनी अर्धे कानडी आणि अर्धे हिंदी अशा भाषेत भराभर दहा-बारा प्रश्न विचारले आणि आईने एकेका प्रश्नाला "नाही, नाही" म्हणून मान हलवली. त्यांतली निदान एक "नाही" खोटी होती, हे मला ठाऊक आहे, कारण आई गेली तीस वर्षे मिश्री लावते आणि तिची डबी त्या वेळीही तिच्या कनवटीला होती. बाहेर आल्यावर मी तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "त्याला कशाला सांगायचं? गुडघा दाखवायला आलोय, दात नव्हे."

तिला मधुमेह आणि रक्तदाब आहे. मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिन, टेल्मिसार्टन आणि रक्त पातळ ठेवणारी इकोस्प्रिन या गोळ्या चालू आहेत. शेजारच्या काकूंना सिझेरियनच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिले होते आणि तेव्हापासून आपली कंबर गेली असे त्या सांगतात, म्हणून आईने "मला पुरती गुंगी द्या, पाठीला हात लावायचा नाही" असा हट्ट धरला आहे. संमतिपत्र कानडी आणि इंग्रजीत आहे, आणि आईची शाळा मराठी चौथीपर्यंत झालेली आहे.

पाठीतले इंजेक्शन बरे की पूर्ण भूल बरी, मिश्रीचा भुलेशी खरोखर काही संबंध असतो का, आणि भूलतज्ज्ञांची पुन्हा भेट मागितली तर तो त्यांच्यावरचा अविश्वास समजला जाईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

भूलतज्ज्ञ, बेळगाव

नमस्कार. मी शहरातील एका रुग्णालयात गेली चोवीस वर्षे भूलतज्ज्ञ म्हणून काम करते. आपल्या आईंना मी तपासलेले नाही, त्यामुळे त्यांच्याबाबतचा निर्णय त्यांच्या भूलतज्ज्ञांचाच राहील. मी फक्त हे प्रश्न आम्ही का विचारतो ते सांगते.

आधी मिश्रीविषयी, कारण ती आपण सहज म्हणून लिहिली असली तरी आपल्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला तीच वाटते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिच्यातील निकोटीन हिरड्यांतून थेट रक्तात जाते आणि नाडी व रक्तदाब वाढवते. वर्षानुवर्षे मिश्री लावणाऱ्या बायकांच्या हिरड्या मागे सरकतात आणि पुढचे दात हलू लागतात. भूल देताना घशात नळी घालण्याची वेळ आली, तर लॅरिंगोस्कोपचे (घसा पाहण्याच्या उपकरणाचे) पाते त्याच दातांच्या जवळून आत जाते आणि हललेला दात निखळून श्वासनलिकेत पडू शकतो. तेव्हा "गुडघा दाखवायला आलोय, दात नव्हे" हे आपल्या आईंचे वाक्य ऐकायला कितीही गोड असले, तरी आमच्या दृष्टीने नेमके उलटे आहे. गुडघा शल्यचिकित्सक पाहतात. आम्ही तोंड, दात, मान, छाती आणि पाठ पाहतो.

दुसरी गोष्ट अशी की आमच्याकडच्या बायका मिश्रीला व्यसन समजतच नाहीत, ते त्यांच्या लेखी दात घासणे असते. त्यामुळे रात्रीपासून उपाशी असलेली बाई सकाळी सहा वाजता मिश्री लावते, तोंडाला सुटलेली लाळ गिळते आणि विचारल्यावर "पाणीसुद्धा प्यायले नाही" असे अगदी खरेपणाने सांगते. म्हणून मी आता "तंबाखू खाता का?" असे विचारतच नाही. "काकू, सकाळी दात कशानं घासता?" असे विचारते, आणि डबी आपोआप बाहेर येते.

आता पाठीतल्या इंजेक्शनाविषयी. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू साधारणपणे कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि आम्ही सुई त्याच्या खाली, बहुधा तिसऱ्या व चौथ्या मणक्यांमधून घालतो, त्यामुळे "सुई नसेत घुसून कंबर जाते" ही जी सार्वत्रिक समजूत आहे तिला शरीररचनेत फारसा आधार नाही. सुई अर्ध्या मिलिमीटरइतकी किंवा त्याहून बारीक असते आणि तिच्यातून जेमतेम अडीच-तीन मिलिलिटर औषध जाते. काही मिनिटांत पाय उबदार लागतात, मग जड होतात, आणि पुढचे दोन-तीन तास कमरेखाली दुखणे कळत नाही. बाळंतपणानंतर किंवा उतारवयात कंबर दुखते त्याची कारणे पुष्कळ असतात. आपल्या शेजारच्या काकूंची कंबर दुखते हे खरेच असेल, पण पूर्ण भूल घेतलेल्यांनाही शस्त्रक्रियेनंतर कंबरदुखी होते. सुईच्या जागी दोन-चार दिवस ठणकते, एवढे मात्र मान्य केले पाहिजे.

या पद्धतीचा खरा त्रास आहे तो डोकेदुखीचा. जर्मनीत ऑगस्ट बिअर यांनी १८९८ साली ही पद्धत प्रथम शस्त्रक्रियेसाठी वापरली आणि पुढे स्वतःवरही प्रयोग करून घेतला, तेव्हा त्यांना कित्येक दिवस असे डोके दुखले की आडवे पडले तरच बरे वाटे. त्या काळच्या जाड सुईने पाडलेल्या भोकातून पाठीच्या कण्याभोवतीचे पाणी झिरपत राहते आणि म्हणून उठून बसले की डोके दुखते. आजच्या पेन्सिलीसारख्या टोकाच्या बारीक सुयांमुळे हे प्रमाण फार घटले आहे आणि उतारवयात तर ते आणखी कमी असते. झालेच तर विश्रांती, वेदनाशामके आणि कॉफी यांनी बहुतेकांचे भागते, आणि तेवढ्याने न थांबणाऱ्या दुखण्यावरही उपाय आहे.

गुडघ्याच्या सांधेरोपणासाठी आम्ही बहुधा हेच पाठीतले इंजेक्शन निवडतो आणि जोडीला मांडीत, सोनोग्राफीवर पाहून, मज्जातंतूभोवती औषध देतो, म्हणजे पहिल्या दिवशीच्या वेदना आटोक्यात राहतात आणि रुग्ण लवकर पाय टेकतो. ठोकाठोकीचा आवाज ऐकायचा नसेल तर हलकी झोपही देता येते. आईंना हे सांगा, कारण अनेकांना भीती सुईची नसते. आपण जागे असताना हातोडा ऐकू येईल याची असते.

औषधांच्या यादीत मला डॅपाग्लिफ्लोझिन दिसले तिथे मी थांबले. मधुमेहाच्या या गटातील गोळ्या शस्त्रक्रियेच्या निदान तीन दिवस आधी बंद कराव्या लागतात, कारण उपाशीपोटी त्यांच्यामुळे रक्तात आम्ल साठू शकते आणि गंमत अशी की तेव्हा साखर फारशी वाढलेली दिसत नाही, त्यामुळे ते लवकर लक्षात येत नाही. मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टन सहसा त्या दिवशी सकाळी देत नाहीत. इकोस्प्रिनमुळे पाठीतले इंजेक्शन सहसा अडत नाही, पण ती चालू ठेवायची की नाही हे शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ मिळून ठरवतात. कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका; चिठ्ठी नव्हे, गोळ्यांची पाकिटेच पिशवीत घालून घेऊन जा.

पुन्हा भेट अवश्य मागा. आमच्याकडचे कनिष्ठ डॉक्टर विजयपूर, बागलकोट, केरळ अशा ठिकाणांहून आलेले असतात आणि बिचारे महिन्याभरात "तोंड उघडा, जीभ काढा, दम लागतो काय?" एवढे मराठी शिकतात. "दम" हा शब्द कानडीतही जवळजवळ तसाच आहे, म्हणून तो प्रश्न निभावतो. बाकीचे प्रश्न निभावतातच असे नाही. दुसऱ्यांदा भेट मागितली म्हणून मला आजवर कधी अपमान वाटलेला नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर नवी माहिती कळते, तेव्हा मात्र पोटात गोळा येतो.

निपाणीकर

डॉक्टरांनी तोंड पाहण्याविषयी लिहिले, त्यावरून राहवले नाही म्हणून लिहितो. माझ्या वडिलांनी चाळीस वर्षे तंबाखूच्या वखारीत काम केले आणि गालात तंबाखूची गोळी नाही असा त्यांचा एक तास गेला नाही. दोन वर्षांपूर्वी ते अंगणात पडले आणि खुब्याचे हाड मोडले. पहिल्या रुग्णालयात रक्त, ईसीजी, छातीचा फोटो, सगळे झाले, दुसऱ्या दिवशीची वेळही ठरली, पण त्यांना कोणी तोंड उघडायला सांगितले नाही. काही कारणाने आम्ही त्यांना दुसरीकडे हलवले. तिथल्या भूलतज्ज्ञांनी खाटेशी आल्या आल्या "आजोबा, तीन बोटं आडवी तोंडात घाला बघू" असे म्हटले. वडिलांच्या तोंडात दीड बोट जात होते. आम्ही घरची माणसे रोज त्यांच्यासमोर जेवत होतो, पण ते भाकरी कुस्करून का खातात, हे आमच्या कधी लक्षात आले नव्हते.

मोडलेल्या पायाने त्यांना बसवायचे कसे, हा पुढचा प्रश्न होता. त्या डॉक्टरांनी आधी जांघेत एक इंजेक्शन दिले, पंधरा-वीस मिनिटांनी दुखणे बरेच उतरले, मग दोघांनी धरून बसवले आणि पाठीत भूल दिली. तरीही दुर्बिणीची बारीक नळी शेजारी तयार ठेवली होती, असे त्यांनी नंतर सांगितले. माझा डॉक्टरांना एक प्रश्न आहे. आमचे नातेवाईक आजही "पाठीतली भूल दिली म्हणून म्हातारा वाचला" असे म्हणतात. ते खरे मानायचे का?

परिचारिका, चिकोडी

मी शस्त्रक्रियागृहात सोळा वर्षे काम करते. उपाशी राहण्याविषयी एक अनुभव सांगते. हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या एका आजोबांना वॉर्डात कानडीत "ऊट आतेन्री?" (जेवण झाले का?) असे विचारले गेले आणि त्यांनी "इल्ल" (नाही) असे उत्तर दिले. कागदावर "उपाशी" अशी नोंद झाली. टेबलावर घेतल्यावर त्यांनीच मला मराठीत विचारले, "बाई, सकाळची इडली आता जिरली असेल न्हवं?" त्यांच्या लेखी ऊट म्हणजे भाकरी-भाताचे जेवण, आणि ते त्यांनी खरोखरच केले नव्हते. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया तिथल्या तिथे पुढे ढकलली. नातेवाईक फार चिडले, पण पोटातले अन्न भुलेत वर येऊन फुप्फुसात गेले तर काय होते, हे ज्याने एकदा पाहिले आहे त्याला ती चिडचिड सोसावीशी वाटते.

तेव्हापासून मी "जेवलात का?" असे विचारत नाही. "शेवटचे तोंडात काय घातले आणि किती वाजता?" असे विचारते. बहुतेक ठिकाणी जड, तेलकट जेवणानंतर आठ तास, हलक्या खाण्यानंतर सहा तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास असा नियम पाळतात. आपल्याकडची मोठी गफलत चहाची आहे. दुधाचा चहा हे पाणी नव्हे, त्याला खाण्याचाच नियम लागतो.

आणखी एक बारीक गोष्ट. आईंच्या हाताला मेंदी लावू नका आणि नखांना रंग असेल तर तो आधी काढून ठेवा, कारण बोटाला लावायचा प्राणवायूचा चिमटा नखातून उजेड टाकून मोजतो. बांगड्या काढाव्या लागतात. मंगळसूत्र काढायला बायकांच्या जिवावर येते, हे आम्हालाही कळते. त्याबद्दल आदल्या दिवशीच बोलून ठेवलेले बरे, दारात रडारड नको.

मलप्रभाकाठ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. पुन्हा भेटीची वेळ सोमवारी मिळाली आहे आणि या वेळी वरिष्ठ भूलतज्ज्ञ पाहणार आहेत. दोन शंका उरल्या आहेत. संमतिपत्रावर आईने सही करायची, पण तिला त्यातले अक्षरही वाचता येत नाही. मी वाचून दाखवले तर चालते का? आणि भूल दिल्यावर भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ तिथेच थांबतात का? आमच्या एका नातेवाइकांनी "ते टोचून पुढच्या रुग्णालयात जातात" असे सांगून आईला आणखी घाबरवून ठेवले आहे.

भूलतज्ज्ञ, बेळगाव

निपाणीकरांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. मोडलेल्या खुब्यासाठी पाठीतली भूल आणि पूर्ण भूल यांची तुलना करणारी एक मोठी चाचणी अमेरिका व कॅनडातील ४६ रुग्णालयांत, ५० वर्षांवरील १६०० रुग्णांवर झाली आणि तिचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. साठ दिवसांनंतर जिवंत असणे आणि चालता येणे या बाबतीत पाठीतली भूल सरस ठरली नाही. तेव्हा आपल्या वडिलांच्या बाबतीत मी श्रेय त्या दीड बोटाला देईन. ज्याचे तोंड उघडत नाही त्याला झोपवून मग घशात नळी जात नाही असे कळणे, ही आमच्या कामातली सर्वांत वाईट घडी असते, आणि ती टाळायला तीन बोटांपेक्षा महाग यंत्र लागत नाही. आपल्या भागात असे न उघडणारे तोंड नेहमी दिसते. पूर्वी वखारीतले म्हातारे येत, आता गुटख्यामुळे पंचविशीतली मुलेही दोन बोटांचे तोंड घेऊन येतात.

आता संमतिपत्र. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले आहे की उपचाराचे स्वरूप, हेतू, फायदे, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती दिल्यानंतर घेतलेली संमतीच खरी संमती होय. जे समजलेच नाही त्याला संमती कशी देणार? आपण वाचून दाखवू शकता, पण तेवढ्यावर भागवू नका. डॉक्टरांना मराठीत सांगायला लावा, किंवा ते कानडीत सांगतील आणि वॉर्डातील कोणीतरी मराठीत सांगेल असे करा, आणि "हे मला मराठीत समजावून सांगितले" असा मजकूर लिहून, समजावणाऱ्याच्या नावासह, त्याखाली आईंची सही होऊ द्या. त्यानंतर आईंना "काय कळलं ते सांगा" असे विचारा. मी माझ्या रुग्णांना विचारते आणि दर वेळी काहीतरी नवे कळते. एका आजींनी मला "तुम्ही माझी पाठ कापून गुडघा बसवणार" असे सांगितले होते.

पूर्ण वेळ थांबण्याविषयी: भूल दिल्यापासून रुग्ण सुरक्षितपणे बाहेर जाईपर्यंत भूलतज्ज्ञाने जवळ असलेच पाहिजे. पाठीतले इंजेक्शन दिल्यावर पहिल्या काही मिनिटांत रक्तदाब उतरतो आणि औषध देऊन तो वर आणावा लागतो. हे दूरध्वनीवरून होत नाही. लोकांना आम्ही कोपऱ्यात स्टुलावर बसलेले दिसतो, म्हणून आम्हाला काम नसते असे वाटते. प्राणवायू मोजणाऱ्या यंत्राचा एक आवाज असतो, प्रत्येक ठोक्याला एक टिक, आणि रक्तातला प्राणवायू उतरू लागला की त्या टिकेचा स्वरही उतरतो. शल्यचिकित्सकांशी बोलताना, चिठ्ठी लिहिताना, कान तिथेच असतो. चोवीस वर्षांनी घरी पाण्याच्या नळाची टिपटिप जरा खाली आली तरी मी दचकून बघते. लहान गावांत एकच भूलतज्ज्ञ दिवसात चार ठिकाणी जातात, हे खरे आहे, पण एका वेळी एकाच टेबलाशी. सोमवारी सरळ विचारा, "आपण स्वतः असणार की दुसरे कोणी?" हा प्रश्न विचारण्यात काहीही गैर नाही.

एक मी आधी विचारायला हवे होते. आईंचा गुडघा किती वर्षे दुखतो आहे आणि त्यासाठी त्या कुठली पुडी किंवा भस्म घेत होत्या का? आपल्या बाजारांतून आणि जत्रांतून सांधेदुखीच्या ज्या बिननावाच्या पुड्या मिळतात, त्यांतल्या काहींमध्ये स्टेरॉइड मिसळलेले असते. त्या महिनोन्महिने घेतल्या की शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवणाऱ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुस्तावतात, आणि शस्त्रक्रियेच्या ताणात रक्तदाब खाली जाऊन नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. आधी कळले तर त्याची तजवीज सोपी असते. दटावून विचारू नका.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री आपण जवळ राहा आणि चष्मा, श्रवणयंत्र जे काही असेल ते लगेच द्या. या वयात रात्री भ्रम होण्याची शक्यता असते, आणि अंधारात डोळे उघडल्यावर कानावर घरची भाषा पडली तर माणूस लवकर ठिकाणावर येतो.

मलप्रभाकाठ

डॉक्टर, आपण विचारले म्हणून आज दुपारी आईजवळ बसून विषय काढला. "शेजारच्या काकूंना गुडघ्याला काहीतरी हवं आहे, तू काय घ्यायचीस?" असे मी विचारले. आईने उठून देव्हाऱ्याच्या मागून कुंकवाच्या जुन्या डबीतून आठ पुड्या काढून दिल्या. गेली तीन वर्षे ती त्या घेत होती. रोज नाही, पण "दुखलं की एक". आणि दुखत तर रोजच होते. पुडीवर नाव नाही, नुसता पांढरा कागद आहे. मिश्री बंद करायला मात्र ती तयार नाही, "सोमवारी त्या बाई काय म्हणतात ते बघू" एवढ्यावर आली आहे.

भूलतज्ज्ञ, बेळगाव

फार चांगले केलेत. पुड्या फेकू नका आणि त्या एकदम बंदही करू नका. उद्याच रुग्णालयात फोन करून कळवा आणि सोमवारी आठही पुड्या, कागदासकट, बरोबर घेऊन जा. मिश्रीची डबीही न्या.